उरलेली चिठ्ठी

उद्या सकाळी तुम्ही संग्रहालयात पेट्या आणायला जाणार, म्हणून सांगतो. एरवी नसतं सांगितलं. आणि तो दिवा राहू दे तसाच. तुम्ही नवे शिक्षक सगळे शूर असता हे ठाऊक आहे मला, तरी राहू दे.

हे माझ्या भाचीचं. सख्ख्या बहिणीची मुलगी, प्राथमिक शाळेत शिकवते. ऐकीव नाही हं. माझ्यासमोर बसून तिनं स्वतः सांगितलंय. लहानपणापासून ही पोरगी थाप मारायची झाली की आधी हसते. त्या दिवशी हसली नाही.

तर तिच्या चौथीच्या वर्गाला पक्ष्यांचा धडा होता. पुस्तकात अर्ध्या पानाचं चित्र आणि खाली प्रश्न. हिचं डोकंच फिरलं. पोरांनी काय आयुष्यभर अर्ध्या पानावर भागवायचं? तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. संग्रहालयातून शाळांना फिरत्या पेट्या मिळतात, पेंढा भरलेले पक्षी, घरटी, कवट्या. आठवडाभर वापरायचं आणि परत करायचं. म्हणाली, मला ती पेटी हवी.

“अहो बाई, चित्र आहे की पुस्तकात,” मुख्याध्यापक म्हणाले. “मेलेली पाखरं आणून काय वर्ग भरवायचाय?”

“सर, चित्राला पाठ नसते. पोरांनी मागून बघायचं म्हटलं तर?”

“मागून बघून मार्क मिळतात का?”

“मार्कांचं नंतर बघू. आधी बघायला तर मिळू दे!”

तिच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? मी तर केव्हाच सोडून दिलंय. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला आणि परवानगी दिली. पण बजावलं, “एक पीस जरी कमी झालं ना बाई, तर ही पहिली पेटी आणि हीच शेवटची. पुन्हा मागायला आपल्याला तोंड राहणार नाही.”

ही रिक्षातून पेटी मांडीवर घेऊन आली. बाळंतिणीनं बाळ आणावं तशी.

आत पक्षी पाठीवर निजवलेले, पाय जुळवलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक तपकिरी चिठ्ठी. पक्ष्याचं नाव, नर की मादी, पिल्लू की मोठा, सापडला कुठे. संग्रहालयवाल्यांचा पहिला नियम तुम्हालाही उद्या ऐकवतील. चिठ्ठी पायापासून सोडायची नाही. चिठ्ठी गेली की तो पक्षी कोण, कुठला, कुणालाच सांगता येत नाही. मग उरतो तो नुसता पेंढा.

हिनं नेमकं तेच केलं. ही चूक फक्त शिक्षकच करू जाणे. नाव वाचलं की पोरं बघायची थांबतात, असं तिचं म्हणणं. मला विचाराल तर खोटं नाही ते. तिनं सगळ्या चिठ्ठ्या सोडल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या आणि पोरांना म्हणाली, आता चोच बघा, पंजा बघा, आणि तुम्हीच मला सांगा, हा राहतो कुठे आणि खातो काय.

“बाई, ह्याची चोच आमच्या बाबांच्या पकडीसारखी!”

“म्हणजे दाणे फोडत असेल.”

“नाहीतर नट-बोल्ट खात असेल!”

वर्ग नुसता खदखदत होता. कधी तोंड न उघडणारी पोरं हात वर करून उठायला लागली. मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकून गेले. त्यांच्या मानानं हे कौतुकच.

पेटी न्यायला शुक्रवारी सकाळी गाडी येणार होती. गुरुवारी चिठ्ठ्या बांधायच्या, तर पालकसभा लांबली. शेवटी ही घरी जाऊन जेवली आणि किल्ली घेऊन एकटीच परत शाळेत आली. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, महिन्यातला दुसरा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले.

तिच्या वर्गाला लागून साहित्याची खोली आहे. मधल्या दाराला साहित्याच्या खोलीकडून कडी, ती लावलेली. या खोलीत तिनं टेबलावर पक्षी मांडले, पक्ष्यांचं पुस्तक उघडलं आणि एकेकाला चिठ्ठी बांधायला लागली. हा खंड्या. हा पारवा. हे घुबड. पायाभोवती दोऱ्याचे तीन-चार वेढे, मग गाठ. बारीक काम, पण चुकायचं भय नव्हतं. आठवडाभर त्याच पक्ष्यांत होती ती. शेवटी सुतारपक्ष्याला बांधली. आता एकही पाय मोकळा नव्हता.

खोकं झाकायला घेतलं, तर तळाशी एक चिठ्ठी.

तिनं मला फोन केला. “मामा, एक चिठ्ठी उरलीय. म्हणजे एक पक्षी कमी आहे! पोरांपैकी कुणी घरी नेला असेल तर मेले मी. पेटी बंद, सगळं बंद.”

“घाबरू नकोस. नाव काय लिहिलंय ते वाच.”

“नाव नाहीये. जागा पण नाही. नुसतं ‘मादी. पिल्लू.’ एवढंच.”

“कपाटाखाली बघ. पडला असेल.”

“बघते,” म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, “मामा... तू काही बोललास का आत्ता?”

मी बोललो नव्हतो.

फोन कटला. परत लावला, लागेना.

पुढचं तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच क्षणी दिवे गेले होते. ती दचकली, कोपर लागलं आणि टेबलावरचा डबा खाली पडला. पेटीत कीड लागू नये म्हणून एक पांढरी भुकटी घालतात, तिचा डबा. फोनही हातातून निसटला, कुठे गेला कळेना. पण डोक्यात एकच, पक्षी. सकाळी गाडी यायच्या आत पक्षी सापडायला हवा. ती गुडघ्यांवर बसली. कपाटाखाली हात घातला. चाचपायला लागली.

तळहातावर काहीतरी आलं.

पाय.

बारीक. गार.

सापडला! तिच्या जिवात जीव आला, खरंच. चिठ्ठी दुसऱ्या हातात होतीच. तिनं अंधारातच दोरा गुंडाळला.

दोरा पुरेना.

एक वेढा. जेमतेम एकच. तिनं टोकं ओढून अर्धी गाठ मारली. मग बोटं खाली सरकवली. पंजा चाचपायला.

पंजा नव्हता.

बोटं होती. शेजारी शेजारी. मऊ. पाच...

...

नाही, थांबा. सांगतो. पाणी द्या जरा.

तो पाय हलला नाही. मागे ओढला नाही. नुसता पुढे धरलेला. बुटाची नाडी सुटली की वर्गातली लहान पोरं बाईंपुढे धरतात ना... तसा.

“पळाल्या का त्या?”

मी असतो तर पळालो असतो. विचारतोयस तो तू पण, उगाच छाती फुगवू नकोस. ती नाही पळाली. अर्धी गाठ तिच्या बोटांत होती. पुरी मारली असती तर चिठ्ठी उरली नसती, पेटी बिनबोभाट गेली असती, तिच्यावर काही आलं नसतं. तिला तेव्हाही हे कळत होतं, असं म्हणाली.

तिनं गाठ सोडली.

दोरा काढून घेतला. मग म्हणाली, “हे तुझ्यासाठी नाही, बाळा. जा. वर्गात बस.”

तिनं तळहात तसाच धरून ठेवला.

मग तळहात हलका झाला.

पाऊल वाजलं नाही. दार वाजलं नाही. काहीच... नाही.

उजाडेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून बसून होती. मूठ घट्ट. मुठीत चिठ्ठी.

सकाळी गाडी आली. संग्रहालयाचा माणूस साहित्याच्या खोलीत आला, त्यानं एकेक पक्षी उचलला, पाय पाहिला, चिठ्ठी पाहिली, ठेवला. “बरोबर आहेत बाई, सगळे.” पेटी बंद करायला लागला. झाकून नेता आलं असतं तिला. पण तिनं मूठ उघडली. म्हणाली, ही उरली. पुढच्या पेट्या बंद करायच्या तर करा, पण ही मी कुणाला बांधणार नाही.

त्यानं चिठ्ठी वाचली. उलटी केली. पुन्हा वाचली.

“हिचा दोरा कुणी सोडला?”

“मी.”

मग चिठ्ठी पेटीत न ठेवता त्यानं स्वतःच्या खिशात घातली. दाराशी गेल्यावर, मागे न वळता, एवढंच विचारलं, “पुढची पेटी कधी पाठवू?”

गाडी गेली. शाळा भरायला अजून अवकाश होता. वर्ग उघडावा म्हणून ती मधल्या दाराशी गेली. कडी रात्रीसारखीच, लावलेली. तिनं ती काढली, दार ढकललं.

काळ्या फरशीवर पांढऱ्या भुकटीची पावलं होती. अनवाणी. माझ्या हाताच्या पंजापेक्षाही लहान. या दारापासून निघालेली, बाकांच्या मधून, सरळ शेवटच्या बाकापर्यंत गेलेली.

परतीचं एकही नव्हतं.