पंधरा चाली थांबणारा दरवाजा

त्या काळात चंद्रपुरात लग्नपत्रिकासुद्धा भुयारखेळाच्या रूपात येत. पाहुण्यांनी बोगद्यांतून वाट काढायची, मध्ये रुसून बसलेल्या मामांना चुकवायचं आणि मांडव गाठायचा. मेलात तर पहिल्यापासून सुरुवात, आणि भुयार दर वेळी नवं. जुने लोक या जातीच्या खेळांना रोगलाइक म्हणत. त्यांचे नियम दोनच. वाट पाठ करून उपयोग नाही, कारण यंत्र ती दर वेळी नव्याने रचतं. आणि मेलेला माणूस परत येत नाही. पूर्वी असा खेळ बनवायला संगणकाची भाषा शिकावी लागे. आता ‘घडवा’ नावाचं साधन होतं. त्याच्याशी बोलायचं, ते विचारील त्याची उत्तरं द्यायची, तासाभरात खेळ तयार. आणि सगळं फुकट.

खरं तर इथंच कुणाला तरी खटकायला हवं होतं. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तर आपण ती उलटसुलट करून बघतो, पण करमणूक फुकट मिळाली की आपली अक्कल गहाण पडते.

खटकलं ते विलास गंपावारांना. ते भूमिगत कोळसा खाणीत तीस वर्षं मायनिंग सरदार होते. सरदार म्हणजे पाळीतल्या माणसांच्या जिवाचा राखणदार. आधी काठीने छत ठोकून आवाज ऐकायचा, मग माणसं आत सोडायची, आणि वर येताना डोकी मोजून स्वतः सगळ्यांत शेवटी निघायचं. निवृत्तीनंतर तेच काम त्यांची मुलगी समीक्षा करू लागली होती.

खाणकंपनीने वसाहतीत स्पर्धा लावली. उत्तम भुयारखेळाला फ्रीज बक्षीस. शेजाऱ्यांनी आपापल्या भुयारात राक्षस घातले, चेटकिणी घातल्या. गंपावारांना तसलं काही सुचेना. त्यांनी खाणच घातली. खांबाची रुंदी, उताराचा कोन, आग लागल्यावर विषारी वायू कुठून कसा सरकतो, सगळं खरंखुरं. राक्षसाच्या जागी खरा वायू ठेवणारा माणूस खाणीतलाच असणार, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

‘घडवा’ने विचारलं, “आग लागली आणि माणसं आत आहेत. आगीचा दरवाजा किती चाली थांबून बंद करायचा?”

“बंदच नाही करायचा,” गंपावार म्हणाले. “माणसं आत असताना सरदार दरवाजा लावत नाही.”

‘घडवा’ने तो खेळ स्वतःशीच दहा हजार वेळा खेळून पाहिला. हे त्याचं नेहमीचं काम, खेळ जिंकता येतो की नाही हे तपासायचं. “जिंकता येत नाही,” त्याने सांगितलं. “वायू सगळीकडे पसरतो. किती चाली?”

त्याने हाच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला. आत दोघे असतील तर? म्हातारे असतील तर? गंपावार वैतागले. “पंधरा टाक, बाप्पा,” म्हणाले, आणि मोकळे झाले. पण मनात आलंच, पाणी कुठंतरी मुरतंय. रंगाबद्दल एकदा विचारलं, दरवाजाबद्दल पाचदा.

फ्रीज मिळाला नाही. दोन महिन्यांनी समीक्षा जेवता जेवता म्हणाली, “बाबा, खाली नवे दरवाजे लागले. आग लागली का आपोआप बंद होते. पंधरा मिनिटं थांबते म्हणे.”

गंपावारांचा घास हातातच राहिला.

“बरंच झालं,” ती पुढे म्हणाली. “आमच्या जागेवरून दरवाज्यापर्यंत यायले बारा मिनिटं लागते.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. सकाळी उठून ते कंपनीच्या संगणन केंद्रात गेले. ‘घडवा’ ज्यांनी बनवलं त्या डॉ. वसुधा पाचपोर तिथे बसत. बाईंनी चहा मागवला. गंपावारांनी कपाला हात लावला नाही.

“माझा आकडा तुमच्या दरवाज्यात कसा आला?”

“तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय,” पाचपोर म्हणाल्या. “तो खेळ होता.”

“मॅडम, ताकाले येऊन भांडं काहून लपवता?”

पाचपोरांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. आगीचा दरवाजा किती थांबावा, हा आकडा यंत्राला द्यावाच लागतो. लवकर बंद झाला तर आतले मरतात. उशिरा झाला तर वायू दरवाज्याबाहेर येऊन खाणीतल्या बाकीच्या एकशे ऐंशींना मारतो. या आकड्याखाली सही करायला एकही अभियंता तयार नव्हता. संघटना नव्हती, सरकार नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, माणसांकडूनच शिकू. सरळ विचारलं तर माणूस घाबरतो, खेळात विचारलं तर सांगतो. चाळीस हजार लोकांनी खेळ बनवले आणि प्रत्येकाने दरवाजाचा आकडा दिला. यंत्र त्याला ‘थांबअंक’ म्हणतं, आणि खेळातली एक चाल म्हणजे खाणीतलं एक मिनिट धरतं. ज्याचं भुयार खऱ्याच्या जवळ, त्याच्या थांबअंकाला वजन जास्त.

“तुमचं भुयार इतकं खरं होतं, की बाकीच्यांचं वजन उरलंच नाही,” त्या म्हणाल्या.

“आणि उद्या काही झालं तर नाव कोणाचं?”

“कुणाचंच नाही. लोकांकडून शिकलेलं आहे, एवढंच लिहिलं जाईल.”

गंपावारांना त्या बाईचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. “काढून टाका माझा आकडा.”

“काढते. मग उरलेल्यांची सरासरी लागेल. ती चार आहे.”

“चार?”

“लोकांना खेळ रंगायला हवा असतो. दरवाजा उघडा राहिला की कंटाळा येतो.”

“मग बदलतो. साठ करा.”

पाचपोरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘घडवा’ने आजच्या खाणीची मापं आणि साठ घेऊन दहा हजार पाळ्या खेळून पाहिल्या. बाहेरची एकशे ऐंशी माणसं नऊ हजार वेळा मेली. तीस केले. सात हजार. वीस केले. तरीही पाच हजार.

“आता पंधरा घाला,” गंपावार म्हणाले. “ते तर बरोबर आहेत.”

चार हजार.

“खोटं दाखवते हे.” त्यांनी पडदा जवळ ओढला आणि एकेक नोंद वाचायला घेतली. माणूस हाडाचा सरदार, खोट शोधल्याशिवाय उठणारा नव्हता. खोट सापडली, पण यंत्रात नाही. त्यांच्या काळात खाणीतले पंखे जुने होते, हवा सावकाश वाहायची. नवे पंखे जोराचे. वायू आता कधी कधी दहाव्याच मिनिटाला दरवाज्याशी पोचत होता. तीस वर्षांच्या अनुभवाने दिलेला आकडा चुकला होता.

“नऊ घालून बघा,” ते हळूच म्हणाले.

बाहेरचं एकही माणूस मेलं नाही.

पाचपोर त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “पंधरा तसेच राहू देता येतील, गंपावार. हे फक्त आपण दोघांनीच पाहिलंय.”

गंपावारांना ते ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. पंधरा राहिले तर बारा मिनिटांवरची समीक्षा बाहेर येऊ शकत होती, आणि आग काय, लागेलच असं थोडंच आहे? लागणारही नाही कधी. पण बाहेरच्या एकशे ऐंशींत कोण कोण, हे त्यांना तोंडपाठ होतं. निम्म्यांना त्यांनीच काम शिकवलं होतं. बाई इतक्या सहज का सुचवताहेत, असा संशय आला. मग कळलं, हाही आकडा त्यांना आपल्या डोक्यावर नकोय, एवढंच. इथं तो कुणालाच नको होता.

त्यांनी स्वतःच्या हाताने नऊ टाकले. ‘घडवा’ने विचारलं, “नक्की?” त्यांनी बोट टेकवलं.

बाहेर पायऱ्यांवर फोन आला. समीक्षाची दुपारची पाळी होती, ती हजेरीच्या रांगेत उभी होती. मागून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

“बाबा, भेटले का मॅडमले? काढला का तुमचा आकडा?”

“बदलला.”

“वाढवला ना?”

खाणीतल्या तीस वर्षांत विलास गंपावारांनी एकदाही खोटी मोजणी सांगितली नव्हती.

“हाव, वाढवला,” ते म्हणाले. “तू जा खाली.”