उजळगावचा खुनी सप्ताह

खुनी सप्ताहाचा शेवटचा दिवस म्हणजे उजळगावात नुसता धिंगाणा. चौकात डॉक्टरवाल्यांनी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून लेझीम धरलं होतं. त्यांना खिजवायला भाचीवाल्या बायका नऊवारी नेसून, रिकाम्या अत्तरदाण्या वाजवत समोरून येत होत्या. वकीलवाले नेहमीप्रमाणे ओट्यावर उभं राहून भाषण ठोकत होते आणि त्यांचं कुणीच ऐकत नव्हतं. आचारीवाले गर्दीतून फिरत सगळ्यांना भजी वाटत होते. "खा, खा, विष नाही घातलेलं!" असं ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी लोक हसत.

हे सगळं एका सिनेमापायी चाललं होतं. सिनेमा पृथ्वीवरचा, कित्येक शतकांपूर्वीचा, मुका आणि काळापांढरा. 'अत्तरदाणीचे गूढ' हे त्याचं नाव. कुठल्याशा मासिकात आलेल्या गूढकथेवर तो काढला होता. बंगल्याचे मालक आबासाहेब अत्तर हुंगतात आणि जागच्या जागी कोसळतात. अत्तरदाणीत विष कालवलेलं असतं. त्या वेळी घरात असतात चौघं: डॉक्टर, वकील, भाची वत्सला आणि आचारी. शेवटी गुप्तहेर त्र्यंबकराव या चौघांना दिवाणखान्यात बोलावतात, मिशीला पीळ देतात, बोट उगारतात आणि पडद्यावर अक्षरं येतात, "खुनी याच दालनात आहे! आणि तो म्हणजे—"

बस. पुढे पडदा पांढरा. माणसं इथे राहायला आली तेव्हा जहाजातून त्यांनी पृथ्वीवरचे हजारो सिनेमे नकलून आणले होते. वाटेत अवकाशातल्या किरणांच्या माऱ्याने काहींची वाट लागली. 'अत्तरदाणी'चं नेमकं शेवटचं रीळ पुसलं गेलं. तेव्हापासून गावात जो ज्याला खुनी मानी, तो त्याचा 'वाला'.

आता कुणी म्हणेल, पृथ्वीला विचारायचं की. विचारलं होतंच. पण उजळगाव ज्या ताऱ्याभोवती फिरतं तो पृथ्वीपासून इतका लांब आहे की तिथून निघालेला प्रकाश इथे पोहोचायला एकतीस वर्षं लागतात. रेडिओच्या लाटाही प्रकाशाच्याच वेगाने धावतात, आणि त्याहून जोरात विश्वात काहीच धावत नाही. म्हणजे प्रश्न जायला एकतीस वर्षं, आणि तिकडून लगोलग उत्तर निघालं तरी ते यायला आणखी एकतीस. इतक्या लांब संदेश पाठवायला वीजही भरमसाट लागते. म्हणून वस्तीने एक रिवाज पाडला होता. प्रत्येक मूल आठ वर्षांचं झालं की त्याला पृथ्वीला एक प्रश्न विचारायला मिळे, आयुष्यात एकदाच. याला म्हणत दूरपृच्छा. उत्तर यायचं ते त्या मुलाच्या म्हातारपणी. गेल्याच महिन्यात एका आजोबांना त्यांचं उत्तर आलं होतं. त्यांनी विचारलं होतं, हत्तीला गुदगुल्या होतात का? उत्तर होतं, होतात. सोबत एका हत्तीचं चित्रण. आजोबा दोन दिवस हसत होते, मधूनच डोळे पुसत होते.

आणि 'अत्तरदाणी'तला खुनी कोण, ही दूरपृच्छा होती यमुना खरवंडीकरची. तेव्हा तिच्या बाई केवढ्या चिडल्या होत्या! "सगळ्या विश्वाचं ज्ञान मागायची संधी, आणि तू हे मागतेस?" पण रिवाज म्हणजे रिवाज. पृथ्वीवर गोंधळ नको म्हणून बाईंनी प्रश्नाबरोबर होता तेवढा सिनेमाही पाठवून दिला.

ती यमुना आता सत्तरीची यमुताई होती. वाट बघून बघून तिला दम धरवला नाही, तेव्हा विशीत तिने स्वतःच तो सिनेमा पुन्हा काढला, आणि त्यात भाचीला खुनी ठरवलं. झालं! अर्धी वस्ती तिच्यावर तुटून पडली. डॉक्टरवाल्यांनी ईर्ष्येने आपला वेगळा सिनेमा काढला. मग वकीलवाल्यांनी. एका शहाण्याने आबासाहेबांनी आत्महत्याच केली असं दाखवलं, त्याला लोक अजून माफ करत नाहीत. आणि दहा वर्षांपूर्वी यमुताईने खुद्द त्र्यंबकरावांनाच खुनी केलं, तेव्हा तर थिएटरातल्या खुर्च्या मोडल्या होत्या. हे सगळे सिनेमे ओळीने दाखवायचे, मधल्या वेळात भांडायचं, आणि एकत्र जेवायचं, हाच खुनी सप्ताह. डॉक्टरवाल्याची मुलगी वकीलवाल्याकडे दिली तर लग्नात केवढी चेष्टा चाले!

आणि आज दुपारी उत्तर येणार होतं.

अँटेनाच्या खोलीत निशिगंधा कारखानीस एकटीच होती. वस्तीची संदेशशास्त्रज्ञ, तिशीची, आणि घराण्याने वकीलवाली. यमुताई आत आली ती थेट खुर्चीत बसली.

"निशी, अँटेना दुसरीकडे वळव."

"काय?"

"मला ते उत्तर नको. उत्तर माझं आहे, नको म्हणायचा मला हक्क आहे."

निशिगंधाचा विश्वास बसेना. "यमुताई, लाट थांबत नाही हो. आज अँटेनाने पकडली नाही तर ती आपल्याला ओलांडून पुढे जाईल. तिला परत कुणीच गाठू शकणार नाही."

"जाऊ दे की."

"अहो, पण का?"

यमुताईने खिडकीकडे हात केला. चौकातला गलका इथपर्यंत येत होता. "नाव आलं की हे संपलं. तीन बाजू खोट्या पडतील आणि एक बाजू खरी. खरी ठरलेली आठवडाभर नाचेल, मग तिलाही कंटाळा येईल. पुढच्या वर्षी भांडायचं कशावरून? माझे सिनेमे कोण बघेल? मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही गं. घाबरलेय मी, खरं सांगते."

"मग मी ते पकडून ठेवते आणि कुलपात टाकते. उघडायचंच नाही."

"या गावात? डॉक्टरवाले कुलूप फोडतील, आणि तुझे वकीलवाले आधी किल्ली पळवतील!"

निशिगंधाला हसू आलं. ते खोटं नव्हतं. तिने अँटेना वळवायच्या कळीकडे हात नेला, आणि मग थांबली. "एक विचारू? पृथ्वीवरून आगाऊ सूचना आलीय. तुमचं उत्तर संपायला तीन तास लागणार आहेत."

"तीन तास?"

"हो. मलाही कळत नाही. एक नाव सांगायला तीन तास कशाला हवेत?"

यमुताईचे कान टवकारले. तिने आयुष्यभर गूढपट काढले होते. जे जुळत नाही तिथेच पाणी मुरतं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. ती खुर्चीत चुळबुळली, उठली, परत बसली. "कबुलीजबाब असेल? नाही, तो एवढा लांब कशाला असेल? का पुढचं सबंध रीळ पाठवलंय? पण रीळ कितीसं असणार!" शेवटी तिने कपाळावर हात मारला. "मेले मी. राहू दे अँटेना आहे तिथे. हे न ऐकता मला झोप लागायची नाही."

ठरल्या वेळी समोरच्या पडद्यावर एक मुलगी आली. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, पुढचा एक दात पडलेला.

"नमस्कार यमुना! माझं नाव चैत्राली म्हसकर. मी आठ वर्षांची आहे. लहान मुलांचे प्रश्न इथे शाळांकडे देतात, म्हणून तुझा प्रश्न आमच्या शाळेला मिळाला. आम्ही सिनेमा पाहिला. कसला भारी आहे! पण आमच्याकडे पण शेवट नाहीये गं. बाईंनी सगळीकडे विचारलं. संग्रहालयातले काका म्हणाले, इथली प्रत खूप पूर्वी जळली आणि ती गोष्ट छापलेलं मासिक पण कुठे नाही. पण ते म्हणाले, काही काळजी नको, एक प्रत जहाजातून गेलीय, इतक्या वर्षांत त्या लोकांना शेवट सापडलाच असेल."

म्हणजे पृथ्वीवाले उजळगावच्या भरवशावर होते आणि उजळगाव पृथ्वीच्या. दोन्हीकडच्या माणसांनी याच भरवशावर निवांत झोपा काढल्या होत्या.

"मग आम्हीच शेवट केला," चैत्राली सांगत होती. "आमच्या शाळेने एक सिनेमा केला, त्यात आचारी खुनी आहे. शेजारच्या शाळेने चिडून दुसरा केला. त्यांचा इतका छान नाही, पण बाई म्हणाल्या दोन्ही पाठवायचे. आता आमच्या गावात सगळे भांडतात. माझे आजोबा आणि काका तर बोलतच नाहीत. म्हणून आता मी तुला विचारते. खरा खुनी कोण आहे? प्लीज लवकर सांग. मला रात्री झोप येत नाही."

आणि पडद्यावर त्यांच्या सिनेमाची नावं सुरू झाली. चैत्रालीने खडूने मिशी काढलेल्या त्र्यंबकरावांचं काम केलं होतं.

यमुताई आधी खो खो हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ते आवरेना. निशिगंधाने तिला पाणी दिलं.

"म्हणजे आता कुणालाच माहीत नाही," यमुताई म्हणाली. "अख्ख्या विश्वात कुणालाच नाही."

"नाही. आणि म्हणूनच..." निशिगंधा जपून बोलत होती. "तुम्ही आज जे नाव पाठवाल तेच खरं होईल. खोडून काढणारं कुणी उरलेलं नाही. भाची म्हणा, डॉक्टर म्हणा. पृथ्वी मान्य करेल."

यमुताईच्या डोळ्यांत क्षणभर अशी काही चमक आली की निशिगंधाला आपल्या वकीलवाल्यांची काळजी वाटली. मग ती चमक विझली. "आठ वर्षांच्या पोरीला खोटं सांगू?"

"ती आठ वर्षांची नाहीये, यमुताई. हे निघालं त्याला एकतीस वर्षं झाली. आज ती चाळिशीला आलेली बाई आहे. आणि तुमचा शब्द तिथे पोहोचेल तेव्हा..."

"सत्तरीची असेल." यमुताईने वाक्य पुरं केलं. "माझ्याएवढी."

ती पडद्याकडे वळली. पडद्यावरची पोरगी मिशी पुसू न देता अत्तरदाणी हुंगत होती, आणि मागे कुणीतरी हसू दाबत होतं. "लवकर सांग म्हणते गं," यमुताई पुटपुटली. तिला त्या मुलीची फार दया आली, आणि त्याच वेळी हेवाही वाटला. आपल्याला विशीत कुणी नाव सांगितलं असतं, तर आपण तेवढ्यावर समाधान मानून कुठेतरी हिशेब तपासत बसलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण न कळण्याचं हे सुख आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारावं का? त्या पोरीने तर उत्तर मागितलं होतं.

"माईक दे," ती म्हणाली.

निशिगंधाने दिला. कोणत्या नावाने हाक मारावी याचा यमुताईने थोडा विचार केला. बाळ म्हणायचं, की बाई?

"मैत्रिणी," ती म्हणाली, "मी यमुना. आपण आता एका वयाच्या. खुनी कोण ते मला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही, आणि खोटं सांगायचा मला मोह झाला होता, पण तुला नाही फसवणार. आमचे सगळे सिनेमे पाठवतेय, सावकाश बघ. आचारी मला पटत नाही, त्याला काही कारणच नाही. तुला इतक्या वर्षांत दुसरं कुणी सुचलं असेल. सुचलंच असेल! कोण ते कळव. आणि आजोबा-काकांचं पुढे काय झालं, तेही कळव."

कळ दाबली गेली. संदेश निघाला, आणि आता त्याला कुणीच थांबवू शकत नव्हतं.

"याचं उत्तर यायचं तेव्हा तुम्ही..." निशिगंधा बोलता बोलता थांबली.

"नसेन. तूही नव्वदी ओलांडलेली असशील, असलीस तर. तेवढं लिहून ठेव हं, त्या दिवशी अँटेना नीट धरा म्हणावं."

यमुताई पदर सावरत बाहेर आली. चौकातलं लेझीम थांबलं. अख्खी वस्ती तिच्या तोंडाकडे बघत होती, भजी हातातल्या हातात राहिली.

"पृथ्वीलाही माहीत नाही!" ती ओरडली. "पण त्यांनी दोन नवे सिनेमे पाठवलेत! एकात आचारी आहे!"

असा जल्लोष उसळला की ओट्यावरचे वकीलवाले खाली पडले. आचारीवाल्यांनी यमुताईला खांद्यावर उचललं. तीही हात उंचावून ओरडत होती, हसत होती, आणि मधूनच वर बघत होती. तिचा आवाज अजून या सूर्याच्या कुंपणाबाहेरही पडला नसेल. त्याचं उत्तर ऐकून चैत्रालीने कळवलेल्या खुन्याचं नाव पहिल्यांदा घेणारं माणूस या गर्दीत नव्हतं, ते अजून जन्माला यायचं होतं.