उशाला ठेवलेला पंचा

"तुझ्या बापाशीक मारतलंस काय गो?"

या एका वाक्यापायी संचिता त्या माणसावर उखडली होती, आणि का उखडू नये? भर मालवणच्या बाजारात, ना ओळख ना पाळख, आणि हा सरळ तिच्यावर ओरडला.

झालं असं, की तिचे वडील, अप्पा, मोटारसायकल घसरून पडले नि बेशुद्ध झाले. बिचारीने धावत जाऊन पंच्याची घडी त्यांच्या डोक्याखाली सारली, तोंडात घालायला पाणी मागवलं. अप्पा घोरू लागले तेव्हा लोक म्हणाले, घोरतायत म्हणजे बरे आहेत. तेवढ्यात गर्दी फाडत हा आला... जितेंद्र, पर्यटकांना समुद्रात डायव्हिंगला नेणारा. ते वाक्य ओरडतच त्याने पाण्याचा तांब्या भिरकावला, पंचा हळूच काढला आणि मान न हलवता दोन्ही हातांनी अप्पांचा जबडा पुढे उचलला. उशाच्या पंच्याने मान दुमडून जीभ मागे पडली होती नि घसा बंद होत आला होता. घोरणं थांबलं, छाती नीट वरखाली होऊ लागली.

अप्पा वाचले. आठवड्याने घरी पेजही मागू लागले. पण ते वाक्य काही संचिताच्या कानातून जाईना. शेवटी ती तणतणत जेटीवर गेली आणि शाळेत पोरांना झापते तशा शुद्ध मराठीत तिने त्याला माफी मागायला सांगितलं. मेला हसला! म्हणाला, माफी नाही, शिकवीन मात्र. आणि खुशाल होडीतल्या फळीवर आडवा झाला.

"धर जबडो. रागान धरलंस तरी चलात."

तिने रागानेच धरला. दाढीचे खुंट बोटांना टोचत होते, वाऱ्याने केस तोंडावर येत होते. आता कान माझ्या तोंडाशी ने, नजर छातीवर ठेव, श्वास ऐक, असं त्याने सांगितलं. ती वाकली... इतकी जवळ, की गालाला ऊब लागली. आणि त्याचा श्वास थांबला.

छाती हलेना. तिने त्याला गदागदा हलवलं, तेव्हा कुठे साहेबांनी डोळे उघडले.

"तू इतक्या जवळ इल्यार... श्वास घेवक इसारलंय."

दुसरी कुणी लाजली असती. हिने त्याच्या छातीवर दणका घातला आणि रडायलाच लागली.

"मस्करी करतंस? तो पंचो मीच ठेवलंय. अप्पा माझ्या हातान मेले आसते. तू खरा बोललंस, म्हणान माका राग इलो."

जितेंद्र उठून बसला. हसू पार मावळलं होतं.

"चुकलंय," तो म्हणाला. "तेव्हा नाय. आता."

तिने डोळे पुसले, पण राग काही उतरेना.

"परत असो श्वास थांबवलंस तर बघ. माका तू होयो... जितो."

हवा, आणि तोही जिवंत! जितेंद्रने भला मोठा श्वास घेतला, आणि घाबरून की काय, लगेच दुसराही.