अर्धा ठोका

सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपचा धड चालणारा प्रोब लॅबमध्ये एकच होता, आणि मी तो उचलायला गेले तर त्यावर आधीच कुणाचा तरी हात होता.

"आधी मी!" मी म्हणाले.

त्याने विचार केला. चांगला पाच सेकंद. "बरं... पण मग चहा तुमच्याकडून."

लॅबमध्ये त्याला सगळे 'सावकाश' म्हणत आणि मला 'घाईबाई'. त्याची चिप डेटाची पॅकेटं पाठवायची, माझी घ्यायची, आणि दोघींचं काही जमेना. त्याची आकड्याचा थोरला तुकडा, म्हणजे बाइट, आधी धाडायची, माझी धाकट्याला आधी मागायची. सगळा मजकूर उलटा. आठ दिवस भांडून शेवटी मी माझा क्रम बदलला. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि तो आत आला की माझं कामातलं लक्ष उडायला लागलं होतं.

तरी हजारात एखादं पॅकेट बिघडतच होतं. त्यातच कळलं — त्याला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसातून बोलावणं आलंय, शुक्रवारी चारपर्यंत हो-नाही कळवायचंय. गुरुवारी मी त्याला जिन्यात गाठलं.

"जाणार आहेस?"

त्याने वर पाहिलं, ओठ हलले... आणि मी, "जा की, मला काय!" म्हणून धडधडत खाली उतरले. घरी जाऊन आईवर उगाच खेकसले.

शुक्रवारी साडेतीनला त्याने मला स्कोपपाशी बोलावलं.

"हे बघ. दोन्ही चिपना ताल देणाऱ्या क्लॉकचा ठोका पडला की माझी चिप आकडा बदलते, आणि तुझी त्याच ठोक्याला वाचते. तो अजून बदलतोय... हाती काय लागणार?"

"मग?"

"अर्धा ठोका थांबायचं. मग वाचायचं."

मी तसं केलं. लाखभर पॅकेटं गेली, एकही बिघडलं नाही. माझे डोळे मात्र भिंतीवरच्या घड्याळावर. पावणेचार!

"जाणार आहेस?" मी पुन्हा विचारलं.

त्याने प्रोब सावकाश खाली ठेवला. माझे पाय पळायला बघत होते. मी टेबल घट्ट धरून उभी राहिले.

"कालच विचारणार होतो," तो अखेर म्हणाला. "मला तू आवडतेस. जाऊ, की तुझ्यासाठी थांबू?"

"थांब!" मी म्हणाले. अर्धा ठोकाही न दवडता.