अंधारात थांबणारी घरघर

"अजून एक गेला!" तियार्क जिन्याखालून ओरडला.

त्याची बहीण विब्के आणि आतेबहीण इम्के धावत खाली आल्या. आजोबांच्या काचेच्या टाकीत एक मोठा एंजल मासा आडवा तरंगत होता. बाकीचे पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडून खोळंबले होते. काही सांगायचंय, पण आवाज फुटत नाहीये, असे!

आजोबा उन्हाळ्यात वारले. शरदातल्या सुट्टीला मुलं समुद्राकाठच्या या घरी आली, ती रोज एखादा मेलेला मासाच बघत होती.

"बाबा बोलावून घेतायत त्यांना," आजोबांची मुलगी गेसीनआत्या दारातूनच पुटपुटली.

"आई, असलं बोलू नकोस ना!" इम्के शहारली.

"पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, दुसरं काही नाही!" फोल्कर्टकाकांनी टाकीत आणखी औषध ओतलं. "उद्या टाकी रिकामी करणार मी. बघवत नाही आता."

"पण ठिपके आहेत कुठे?" विब्केनं काचेला नाक लावलं. "कल्ले बघा, तपकिरी पडलेत. श्वास घेता येत नाहीये त्यांना!"

आजोबांनी तिला पाणी तपासायला शिकवलं होतं. तिनं नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी गडद गुलाबी झालं!

"नायट्राइट! विष आहे हे. गाळणीतले जिवाणू ते संपवतात."

"मग झोपलेत की काय ते?" तियार्क म्हणाला.

गाळणीचं काय होतं ते बघायला संध्याकाळी तिघं सोफ्यामागे दबा धरून बसली. गाळणीची घरघर चालू होती. अचानक ती थांबली. टाकीचा दिवाही गेला! टाकीजवळ कोणीच नव्हतं. काळोखात फक्त माशांची तोंडं वाजत होती... चुप्... चुप्...

"आ... आजोबा?" तियार्कनं इम्केचा हात घट्ट धरला.

विब्के मात्र उठून दाराबाहेर गेली. बोळकंडीत फोल्कर्टकाका बटणावर हात ठेवून उभे!

"काका, काय बंद केलंत?"

"टाकीचा दिवा. रोजच करतो. माशांना झोप नको?"

"अहो, गाळणीही त्याच बटणावर आहे! रात्रभर जिवाणू गुदमरतात, वर तुमचं औषधही त्यांना मारतं!"

काका मटकन खाली बसले. "म्हणजे... मीच मारत होतो?"

मग मात्र तेच बादल्या वाहू लागले. अर्धं पाणी बदललं, नायट्राइट बाधू नये म्हणून थोडं मीठ घातलं, हवेचा पंप लावला. खाणं बंद, औषध बंद, गाळणी अखंड चालू. पाणी रोज तपासायचं, रोज थोडं बदलायचं. आणखी दोन मासे गेले. मग नळीतला गुलाबी रंग उतरत गेला, आणि एका सकाळी सगळे मासे खाली पाणवनस्पतींत फिरताना दिसले!

"शाबास रे पोरांनो!" काका म्हणाले. "मी तर टाकीच रिकामी करायला निघालो होतो."

आत्यानं आत येऊन टाकीसमोर खुर्ची ओढली. "बाबा गेल्यापासून या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटायची मला," ती म्हणाली. "आज बसते जरा. तुम्हीही बसा माझ्याजवळ."