पँथर्सच्या खेळपट्टीचा चिखल

सकाळी आठला केरबाचा फोन आला आणि स्कोअरर सुष्मिता चहा तसाच टाकून मैदानाकडे धावली. खेळपट्टीचा चिखल झाला होता.

दहाला सेमीफायनल होती, ‘पंचगंगा पँथर्स’ विरुद्ध इचलकरंजी. जिल्ह्याच्या लीगमध्ये २००७ साली लिलावातून पँथर्स उभे राहिले. पहिली दोन वर्षं ते तळाशीच लोळले आणि कोल्हापूरनं पोट धरून हसून घेतलं. यंदा मात्र ते गुणतक्त्यात पहिले होते. सामना झालाच नाही, तर नियमानं फायनलला तेच जाणार होते.

मैदान सांभाळणारा केरबा साठीचा. साखरेच्या आजारानं पाय अधू झालेला, त्यामुळं डॉक्टरच्या धाकानं दिवसभर बूट घालून वावरायचा. दोन दिवसांत पाण्याला हात लावला नाही, हे तो पुन्हापुन्हा सांगत होता.

“मग नळ भुतानं सोडला व्हय?”

सुष्मिता दचकली. संघमालक गणपतराव पाठीशी कधी आले, कळलंच नव्हतं. एरवी त्यांच्या कोल्हापुरी चपलांची करकर पार फाटकापासून ऐकू यायची. मोडक्या कानांच्या त्या जुन्या पैलवानानं पंचांदेखत हुकूम सोडला: केरबानं आजच मैदानावरची खोली रिकामी करायची.

केरबा मटकन खाली बसला. या वयात तो जाणार कुठं? घड्याळ बघत सुष्मितानं चिखलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत ती थबकली. कडेला दोन कोरडे ठसे होते, शेजारी शेजारी, नीट जोडीनं.

“काका, बूट काढून आत गेलतासा?”

“पाय गमवायचाय का मला?”

तिनं खेळाडूंना विचारलं. खिळ्यांचे बूट काढून खेळपट्टीवर कोण जातं, म्हणून ते हसले. मग ती गणपतरावांकडे वळली.

“मालक, पहाटे इथं आलतासा?”

“न्हाय.”

“मग चपला भिजल्या कशा?”

गणपतरावांनी पाय मागं घेतले. सुष्मितानं पंचांना ठसे दाखवले.

“पाणी सोडणाऱ्यानं पायातलं कडेला काढून ठेवलं. पाणी त्याच्याभोवतीनं वाहिलं, खालची जागा कोरडी राहिली. केरबाकाका बूट काढत नाहीत, खेळाडूंना तशी सवय नाही. मातीत पाय ठेवण्याआधी पायातलं काढतो तो तालमीतला माणूस. आणि आज मालकांच्या चपला वाजल्याच नाहीत. चिखलातले ओले पाय घातले की कातडं भिजतं, आणि कातडं ओलं झालं की करकर बंद होते.”

पंचांनी चपला मागितल्या. कातडं ओलंचिंब होतं.

“जन्माची सवय,” गणपतराव पुटपुटले. “कप्तान शशिधरचं बोट मोडलंय. त्याच्याशिवाय आज पुन्हा हसं झालं असतं. मला सोसलं नसतं.”

पंचांनी वही उघडली आणि सामना इचलकरंजीला बहाल केला. केरबाची खोली राहिली. त्याला हुंदका आवरेना.

तेवढ्यात पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरून कप्तान शशिधर आला. पायाला पॅड बांधलेले होते, मोडकं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं आवळलं होतं.

“मालक,” तो म्हणाला, “मी खेळणार होतो की.”