आधी मोजा, मग जोडा

दुकानात गिऱ्हाईक आलं की ती आधी मशीनकडे बघायची आणि मग माणसाकडे. त्या दिवशी नेमकं उलटं झालं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि एके काळी लोक घरच्या टीव्हीला जोडायचे ते बुटके कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात तिचा हातखंडा होता. गल्लीत सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडे. टेबलामागच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पाटी लावली होती — ‘आधी मोजा, मग जोडा’. मीटर लावून वीज मोजल्याशिवाय कुठल्याही मशीनला वायर जोडायची नाही, हा नियम ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची, कुणी विचारलं नसलं तरी.

तर कोपऱ्यावर नवीन दुकान टाकलेला चष्मेवाला त्या दुपारी टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर बगलेत धरून आत आला. मशीन चालूच होत नाही म्हणाला. ते त्याच्या आत्याचं होतं. आई-वडिलांमागे तिनंच त्याला वाढवलं. गणिताची शिक्षिका; तो आठ वर्षांचा असताना तिनं त्याच्यासाठी या मशीनवर पाढ्यांचा एक खेळ स्वतः लिहिला होता. त्याची कॅसेट अजून जपलेली होती; ती आणि मशीनला वीज देणारा अ‍ॅडॉप्टरही त्यानं सोबत आणला होता. दोन आठवड्यांनी, रविवारी, आत्याला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्याला तो खेळ तिच्यासमोर चालू करून दाखवायचा होता.

ती ऐकत होती. टेबलावरची नेहमीची वायर तिच्या हातात होती. तो बोलायचा थांबला, तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, “तुमच्या चष्म्याची उजवी काडी… जरा वाकडी आहे.”

तिला इतकं निरखून कुणी पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती. कान तापले. “असू दे,” म्हणत तिनं नजर चुकवली आणि हातातली वायर मशीनला खुपसली.

टक्… आणि मागोमाग जळका वास.

हल्लीच्या वायरींच्या पिनेत अधिक आत असतं आणि उणे बाहेर. या जातीच्या जुन्या मशीनला नेमकं उलटं लागतं. हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तिनं झटकन वायर उपटली.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“जुनं मशीन आहे ना… आतलं काहीतरी गेलेलं दिसतंय. बघावं लागेल.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे माझंच चुकलं. तीन वर्षं माळ्यावर टाकून ठेवलं होतं. आत्या सांगत होती, ओल लागेल म्हणून.”

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंची जीभ काही रेटेना. उलट त्यानंच तिचा चष्मा मागून घेतला, खिशातला इवलासा स्क्रू-ड्रायव्हर काढला, काडीशी थोडी खटपट केली आणि चष्मा स्वतःच्या हातानं तिच्या नाकावर ठेवला. त्याची बोटं गार होती. “आता कसं वाटतंय?”

चष्मा आता चांगलाच डावीकडे झुकत होता. “छान,” ती म्हणाली. चष्मेवाल्याला त्याचा धंदा कोण शिकवणार?

तो गेल्यावर तिनं त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर तपासला. वायर मानेशी आतून तुटली होती, बस्स. दहा मिनिटांचं काम! धडधाकट मशीन तिनं स्वतःच्या हातानं मारलं होतं. एक ट्रान्झिस्टर आणि मेमरीच्या दोन चिपा गेल्या होत्या. पाटीखाली बसून काम करायचीही तिला लाज वाटायला लागली.

मग तो रोज दुपारी कॉफीचे दोन कप घेऊन यायला लागला.

“पेशंट कसा आहे?”

“झोपलाय अजून.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरची झोप उडालीय.”

तो हसायचा. हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची, आणि ती दिसावी म्हणून ती आणखी काहीबाही बोलायची. पण निघताना तो दारात रेंगाळायचा आणि म्हणायचा, आत्याला अजून सांगितलं नाही, काय तोंडानं सांगू, तिची एक वस्तू मला सांभाळता आली नाही. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कॉफी मात्र ती रोज प्यायची.

ट्रान्झिस्टर मिळाला, त्या चिपा बाजारात कुठंच मिळेनात. तिच्या फळीवर त्याच जातीचं एक मशीन होतं — तिचं स्वतःचं पहिलं, ज्यावर ती हे सगळं शिकली. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. शुक्रवारी तिनं ते खाली घेतलं, उघडलं, दोन चिपा काढल्या आणि आत्याच्या मशीनमध्ये बसवल्या. तुटकी वायर सांधली. मीटर तीनदा लावला. मशीन जागं झालं.

खात्री करायला तिनं कॅसेट लावली. बरीच खरखर झाल्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी पडद्यावर उमटलं — ‘सात नवे किती?’ तिनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं.

‘चुकलं. पाठ केलं नव्हतंस ना? खरं सांग. मी रागावणार नाही.’

ती त्या चार वाक्यांकडे कितीतरी वेळ बघत बसली.

शनिवारी तो आला, खेळ पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. “तुमच्या हाताला यश आहे. मी बिघडवलं आणि तुम्ही वाचवलंत.”

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. “बसा. मी बिघडवलं. तुमची नुसती वायर तुटली होती. मी न मोजता उलटी वीज दिली.”

त्यानं पाटीकडे पाहिलं. “पण… मोजलं का नाही?”

“तुम्ही माझ्याकडे बघत होतात.” आता थांबून उपयोग नव्हता. “आणि मला ते आवडलं. नंतर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता. तुम्ही रोज स्वतःला दोष देत होतात, आणि मी समोर बसून कॉफी पीत होते. मला माझीच लाज वाटते.”

त्यानं मशीन बंद केलं, वायर काढून नीट गुंडाळली. चालला, तिला वाटलं. तिनं मान खाली घातली.

“चष्मा द्या.”

तिनं दिला. चष्म्याशिवाय समोर सगळं धूसर होतं, त्यामुळे त्याचा चेहरा दिसेना. त्यानं उजवी काडी वाकवली, चष्मा परत तिच्या नाकावर ठेवला. तो अगदी सरळ बसला — दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

“काडी वाकडी नव्हती,” तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला. “त्या दिवशी. बोलायला काही सुचेना म्हणून तसं म्हटलं. मग खरं वाटावं म्हणून… वाकवावी लागली. तेव्हापासून तुम्ही मान तिरकी करून बसताय, आणि मला रोज लाज वाटतेय.”

“म्हणजे तुम्ही तेव्हा गप्प बसला असतात तर मशीन…”

“जळलं नसतं. हो.”

तिला चिडायचं होतं. हसूच आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. त्याच्या गालावर ती खळीही पडली.

“उद्या आत्याकडे याल?” त्यानं विचारलं. “तिला दोघांनी मिळून सांगू.”

“रागावल्या तर?”

“रागावणार नाही, असं तिनंच लिहून दिलंय.”

तिनं त्याच्या हातातली वायर घेतली, भिंतीत लावली, दुसऱ्या टोकाला मीटर धरला. आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. मग सरळ बसलेल्या चष्म्यातून त्याच्याकडे बघत म्हणाली, “येते.”